आतली हवा

मेटल डिटेक्टर जागा दाखवतो, वस्तू हातात देत नाही. जमिनीवरून फिरवायची ती मोठी गोल कॉइल फार तर "इथे, या वीतभर जागेत काहीतरी आहे" एवढं सांगते. पुढचं सगळं हाताने. खणायचं, माती बाजूला काढायची आणि त्या ढिगात बोटांनी चाचपत बसायचं. चिखलाने माखलेलं नाणं आणि चिखलाचं ढेकूळ डोळ्यांना सारखंच दिसतं. अशा वेळी कामाला येतो पिनपॉइंटर.

मुठीकडे जाड, टोकाकडे निमुळता, एका हातात सहज मावेल असा. टोकात फेराइट नावाच्या चुंबकीय पदार्थाच्या कांडीवर गुंडाळलेली बारीक तारेची कॉइल असते. तिच्यातला प्रवाह सतत बदलता ठेवला की टोकाभोवती बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्या क्षेत्रात धातू आला की धातूच्या अंगात गोल गोल फिरणारे प्रवाह सुरू होतात आणि त्यांची चाहूल सर्किटला लागते. मग पिनपॉइंटर थरथरतो किंवा पिरपिरतो. पल्ला जेमतेम दोन-चार सेंटीमीटर. पण तोच त्याचा गुण. लांबून ओरडणारं दुसरं यंत्र आपल्याकडे आधीच असतं.

तशी ही जात जुनी आहे. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि एक गोळी शरीरात अडकून राहिली. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून १४ वर्षं होती. टेलिफोनचे अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी घाईघाईने धातू हुडकणारं उपकरण जुळवलं आणि राष्ट्राध्यक्षांच्या अंगावरून फिरवलं. गोळी सापडली नाही. गादीखाली पोलादी स्प्रिंगा होत्या, आणि डॉक्टरांना गोळी जिथे असेल असं वाटत होतं ती बाजूच वेगळी होती. १९ सप्टेंबरला गारफिल्ड गेले. उपकरण आपल्या जागी ठीक होतं, भोवती काय आहे याचा हिशेब कुणी केला नव्हता. माझ्या हातातल्या पिनपॉइंटरला वॉटरप्रूफ करायला बसले तेव्हा ही गोष्ट सारखी मनात येत होती, कारण तिथेही प्रश्न यंत्राचा कमी आणि त्याच्या आतबाहेरच्या परिस्थितीचा जास्त निघाला.

माझा पिनपॉइंटर पावसाचे शिंतोडे सोसणारा आहे, बुडवायचा नाही. आणि मला तर ओढ्याच्या पात्रात, वाळूच्या काठावर, गुडघाभर पाण्यात शोधायला आवडतं. वाहत्या पाण्यात जड वस्तू दगडांच्या बेचक्यांत जाऊन बसतात, तिथे हात घालायची मजा कोरड्या जमिनीत नाही. पाण्यात चालणारे पिनपॉइंटर विकत मिळतात. गॅरेटचा तो प्रसिद्ध केशरी 'एटी' २० फूट खोलीपर्यंत नेता येतो. पण जुना चांगला चालत असताना नवा कशाला, हा एक विचार. आणि खरं सांगायचं तर, घरी उघडून बसण्याची खुमखुमी, हा दुसरा. दुसराच जास्त खरा.

"अगं, फुगा चढव आणि हो मोकळी," असं एका मित्राने सुचवलं. हा उपाय चेष्टेचा नाही. लांब फुगा, रबरी हातमोज्याचं कापलेलं बोट, अगदी निरोधसुद्धा लोक पिनपॉइंटरवर चढवतात, तोंडाशी घट्ट रबरबँड लावतात आणि वेळ भागवतात. पातळ रबर सिग्नल अडवत नाही. बटण वरून दाबता येतं. पण खडे, शिंपले आणि गंजके खिळे यांच्या राज्यात पातळ रबर टिकतं किती? आणि फाटलं की ते सांगत नाही. आत पाणी साचत राहतं आणि वरून सगळं झाकलेलं दिसतं. उघडं यंत्र निदान भिजताना दिसतं तरी.

तेव्हा वाटा शोधायच्या. पाणी आत यायच्या जागा फार नसतात. बॅटरीचं झाकण, बटण, आवाजासाठीची भोकं, दिव्याची काच आणि प्लॅस्टिकच्या दोन अर्ध्या कवचांमधला सांधा. दिवा आणि सांधा यांच्यावर फार बोलण्यासारखं नाही. सांधा एबीएस प्लॅस्टिकचा असेल तर त्याच प्लॅस्टिकचे कपटे अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून खळ करायची आणि बारीक ब्रशने रेघेवर भरायची. अ‍ॅसिटोन उडून जातं, प्लॅस्टिक प्लॅस्टिकला धरून बसतं. खिडकी उघडी ठेवायची आणि जवळपास आग नको, एवढं पथ्य.

बटणासाठी रबरी टोप्या मिळतात, त्या बसवल्या की काम होतं. पाण्यात बुडी मारणाऱ्यांच्या टॉर्चमध्ये याहून सुंदर युक्ती असते. कवचाला भोकच नाही, बाहेरची चुंबकाची कडी फिरवली की आतला स्विच चालू. हे मला फार मोहवत होतं. पण धातू शोधणाऱ्या यंत्रावर चुंबक बसवायचा म्हणजे चोराला घरात ठेवून घेण्यासारखं. मुठीच्या अगदी शेवटच्या टोकाला, कॉइलपासून लांब ठेवला तर चालतं, पण माझ्या यंत्रात ती जागा बॅटरीने अडवली आहे. टोपीवर समाधान मानलं.

आवाजाच्या भोकांशी मात्र घोडं अडतं. आवाज हवेतून यायचा म्हणजे हवेला वाट हवी, आणि हवेची वाट तीच पाण्याची. मोबाइलमध्ये या भोकांच्या आत एक अतिसूक्ष्म छिद्रांचा पडदा असतो, हवा जाऊ देणारा आणि पाण्याचा थेंब अडवणारा. तसा पडदा मिळवून चिकटवता येतो. दुसरा मार्ग म्हणजे बझरची पितळी चकती कवचाच्या आतल्या भिंतीलाच चिकटवायची आणि भोकं कायमची बुजवायची, मग कवचच वाजतं. आवाज दबतो, पण येतो. मी तिसराच मार्ग धरला. आवाज बंद, फक्त थरथर. पाण्यात हात असताना कानांपेक्षा तळव्यालाच लवकर कळतं, आणि आसपासच्या पाखरांनाही शांतता मिळते.

आता सिलिकॉन. बहुतेक लोक इथूनच सुरुवात करतात. ट्यूब आणायची आणि दिसेल त्या फटीवर पिळायची. ट्यूब उघडल्यावर नाकाला झोंबणारा व्हिनेगरचा वास आला तर ती बाजूला ठेवावी. ते सिलिकॉन वाळताना अ‍ॅसेटिक आम्ल सोडतं, आणि बंद कवचात कोंडलेलं हे आम्ल तांब्याच्या रेषा आणि सांधणीचे ठिपके खात बसतं. पाण्याने केलं नसतं ते नुकसान पाणी अडवणाऱ्यानेच करायचं. इलेक्ट्रॉनिक्ससाठी न्यूट्रल क्युअर लिहिलेलं, म्हणजे वाळताना हे आम्ल न सोडणारं, सिलिकॉन वेगळं मिळतं, तेच घ्यावं. बॅटरीच्या झाकणाच्या ओ-रिंगला, म्हणजे फट बंद करणाऱ्या रबरी कड्याला, पेट्रोलियम जेली फासण्याची सवयही अशीच. काही जातीचं रबर तिने फुगतं आणि मऊ पडतं. काळ्या नायट्राइल रबराच्या रिंगला सिलिकॉन ग्रीस चालतं, पण रिंगच सिलिकॉनची असेल तर सिलिकॉन ग्रीस तिलाही फुगवतं. रिंग कशाची आहे हे आधी बघायचं, मग डबीला हात घालायचा.

सगळ्यात मोठा मोह इपॉक्सीचा. सगळं सर्किट कवचात ठेवायचं, वरून राळ ओतायची, गठ्ठा करून टाकायचा. पाण्याला आत जागाच उरली नाही तर ते येईल कुठे? युक्तिवाद बिनतोड आहे. मी राळेच्या दोन बाटल्या समोर ठेवून बराच वेळ बसले होते. पण राळ घट्ट होताना तापते, मोठा गोळा एकदम ओतला तर चांगलीच तापते. कॉइलच्या वेटोळ्यांमध्ये ती शिरली की त्यांच्यातली विद्युत धारिता बदलते आणि यंत्राचं जुळलेलं गणित सरकतं. आणि मग एखादी तार तुटली, एखादा सुटा भाग बिघडला, तर दुरुस्ती नाही, फेकून देणं. जे पुन्हा उघडता येणार नाही ते सुरक्षित झालं असं मला कधी वाटत नाही. बाटल्या परत कपाटात गेल्या. सर्किट बोर्डावर फक्त पातळ संरक्षक लेप दिला, बॅटरीचे संपर्क आणि स्विच झाकून. हा लेप म्हणजे दुसरी फळी. पहिली फळी कोसळली तर थोडा वेळ मिळावा म्हणून.

टोकाला मात्र काहीही जाड लावायचं नाही. कॉइलच्या मानाने दूर असलेल्या छोट्या वस्तूचं अंतर दुप्पट झालं की तिच्याकडून परत येणारा सिग्नल साधारण चौसष्टावा हिस्सा उरतो. जाताना क्षेत्र विरतं, येताना पुन्हा विरतं. जिथे एकूण पल्लाच दोन-चार सेंटीमीटर, तिथे तीन मिलीमीटरची रबरी टोपी म्हणजे आपणच आपल्या हाताने केलेली कपात. माझ्या टोकावर आकसणारी पातळ नळी आहे, आतून गोंद असलेली. गरम हवा दिली की आवळते, गोंद वितळून कडेला डोकावतो. तेवढं पुरतं.

इतकं केल्यावर कुणालाही वाटेल, झालं. इथेच ग्यानबाची मेख आहे.

मी समजत होते की पाणी बाहेरून रेटा देतं आणि फटीतून घुसतं. ते खरं आहे, पण गुडघाभर पाण्यात तो रेटा असतो केवढा? मीटरभर खोलीला दर चौरस सेंटीमीटरमागे १०० ग्रॅम. चांगला बसवलेला रबरी सील एवढं सहज झेलतो. मग उथळ पाण्यात यंत्रं का भिजतात? कारण आत हवा आहे. तासभर उन्हात कमरेला लटकलेला पिनपॉइंटर तापतो. समजा आतली हवा ४० अंशांवर गेली. एखाद्या बारीकशा फटीतून ती थोडी बाहेरही पडली, आतबाहेरचा दाब सारखा झाला. आता तो २० अंशांच्या ओढ्यात बुडवला. कवच गार पडतं, हवा आक्रसते, दाब ६ टक्क्यांहून थोडा जास्त उतरतो. ऐकायला किरकोळ. पण वातावरणाच्या दाबाचे ६ टक्के म्हणजे सुमारे ६५ सेंटीमीटर पाण्याचा भार. हातभर पाण्यात धरलेलं यंत्र स्वतःच्या पोटातून आणखी ६५ सेंटीमीटरची ओढ निर्माण करतं. ते श्वास घेतं, आणि नाकासमोर नेमकं पाणी असतं.

हे कळल्यावर आयपी रेटिंगकडे, म्हणजे यंत्र धूळ-पाणी किती सोसतं ते सांगणाऱ्या खुणेकडे, बघायची माझी नजर बदलली. खोक्यावरचा आयपीएक्स७ म्हणजे १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं. चाचणी प्रामाणिक आहे, पण तिच्या नियमांत एक अट आहे. पाणी आणि यंत्र यांच्या तापमानात ५ अंशांपेक्षा जास्त फरक नको. म्हणजे उन्हातून थेट ओढ्यात, ही आपली रोजची रीत त्या परीक्षेच्या अभ्यासक्रमातच नाही. शिवाय तिथलं पाणी गोडं, स्थिर, आणि यंत्र कोरं करकरीत. वर्षभर वाळूत घासलेल्या रिंगची परीक्षा कुणी घेत नाही, ती आपण घ्यायची.

परीक्षेची युक्ती या हवेनेच दिली. गार पिनपॉइंटर, बॅटरी काढून आणि झाकण लावून, कोमट पाण्याच्या बादलीत धरायचा. कढत नको, हाताला सोसेल इतपत. आतली हवा तापते, प्रसरण पावते, आणि कुठे फट असेल तर तिथून बाहेर पडते. गंमत अशी की गळती दिसते, पण पाणी आत जात नाही, कारण रेटा आतून बाहेर आहे. फक्त पाणी गार व्हायच्या आत यंत्र बाहेर काढायचं, नाहीतर श्वास उलटा फिरतो.

पाण्याखाली धरल्या धरल्या सगळ्या अंगावर बुडबुडे दिसतात आणि माणूस धास्तावतो. ते खरखरीत प्लॅस्टिकला चिकटलेल्या हवेचे. बोटाने पुसले की जातात, परत येत नाहीत. गळतीचा बुडबुडा वेगळा. तो एकाच जागी धरतो, टाचणीच्या डोक्याएवढा होतो, थांबतो, सुटतो, आणि त्याच जागी दुसरा फुगायला लागतो. माझ्याकडे तो झाकणाच्या कडेला धरत होता, एका ठरावीक खाचेशी. रिंग नवी होती, ग्रीस बेताचं होतं. झाकण उघडून, भिंग घेऊन, दिव्याखाली बघितलं. खोबणीत आडवा एक केस होता. माझाच. केसाची जाडी मिलीमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी, पण रबर त्याच्या दोन्ही बाजूंना वाकत नाही, टेकून उभं राहतं, आणि केसाच्या लगत हवेला हवा तेवढा बोगदा मिळतो. चिमट्याने केस काढला, खोबण लिंट न सोडणाऱ्या कापडाने पुसली, पुन्हा बुडवलं. बादलीत नुसतं पाणी.

ओ-रिंग ही फार भोळी वस्तू आहे. एक रबरी कडं, थोडं दाबून बसवलेलं. पाण्याचा दाब वाढला की ती खोबणीच्या पलीकडच्या भिंतीला आणखी चिकटते, म्हणजे हल्ला करणाराच दार लावून घेतो. पण हे तिच्या लवचिकपणावर चालतं. २८ जानेवारी १९८६ च्या त्या थंड सकाळी चॅलेंजर अंतराळयानाच्या रॉकेटच्या सांध्यातल्या रिंगा गारठून आखडल्या होत्या, आणि उड्डाणानंतर थोड्याच वेळात यान माणसांसकट नष्ट झालं. पुढे चौकशीच्या वेळी भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी त्या रबराचा तुकडा शिकंज्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि तो लगेच पूर्ववत होत नाही हे सगळ्यांसमोर दाखवलं. आपलं काम इतकं जीवघेणं नाही. तरी रिंग वर्षानुवर्षं दाबलेल्या अवस्थेत राहिली की तिचा गोल छेद चपटा होतो आणि ती परत उसळत नाही. म्हणून घरी आल्यावर मी झाकण सैल करून ठेवते. यंत्रही सुकतं, रिंगही मोकळी होते.

बुडबुड्यांची परीक्षा पास झाली की दुसरी. बॅटरीच्या जागी टिश्यू पेपरची गुंडाळी, तिच्यावर पाण्याने पसरणाऱ्या शाईचे ठिपके. झाकण लावून, दगड बांधून, गार पाण्यात रात्रभर. सकाळी आधी बाहेरून पूर्ण पुसायचं, झाकण खाली करून उघडायचं, म्हणजे कडेचं पाणी आत पडून खोटी बातमी देत नाही. ठिपके जसेच्या तसे असले पाहिजेत. एखादा जरी मऊसर पसरलेला दिसला तरी बॅटरी घालायची नाही.

खाऱ्या पाण्याचं प्रकरण मात्र वेगळंच आहे. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि ते पाणी वीज वाहून नेतं. त्यामुळे पिनपॉइंटर नुसत्या ओल्या वाळूवरही पिरपिरू शकतो. बऱ्याच यंत्रांत चालू करतानाची परिस्थिती पार्श्वभूमी म्हणून धरली जाते, म्हणून तिथे टोक पाण्यात ठेवूनच बटण दाबावं. ही एक गोष्ट. दुसरी गंभीर. खारं पाणी आत शिरलं आणि बॅटरी जोडलेली असली तर सर्किटच्या दोन रेषांमध्ये विद्युत अपघटन सुरू होतं आणि तांबं डोळ्यांदेखत हिरवं पडतं. अशा वेळी आधी बॅटरी उपटायची, मग सगळं काही. डिस्टिल्ड पाण्याने धुवायचं, आयसोप्रोपिल अल्कोहोलने खळबळायचं, मग वाळवायचं. भिजलेलं यंत्र तांदळात पुरून ठेवणाऱ्यांना मी एवढंच सांगते की तांदूळ मीठ काढून घेत नाही. पाणी उडेल आणि मीठ तिथेच बसेल, पुढच्या दमट दिवसाची वाट बघत.

आणि श्वासाचं काय केलं? तो बंद करता येत नाही, पण त्याची वेळ ठरवता येते. झाकण मी आता उन्हात लावत नाही. पाण्याच्या काठी सावलीत बसते, यंत्र बाहेरून ओल्या कापडाने गार करते, कोरडं पुसते, मग झाकण उघडून लगेच लावते. आतली हवा पाण्याच्या जवळपासच्या तापमानाला कोंडली की बुडवल्यावर आक्रसायला तिच्याकडे फारसं काही उरत नाही. पुढे ऊन लागलं तर दाब वाढेल, तो बाहेरच्या दिशेने. शिवाय बॅटरीशेजारी ओल शोषून रंग बदलणाऱ्या सिलिका जेलची एक छोटी पुडी. यंत्रात हवा असून असून किती, ५० मिलीलिटर. ३० अंशांच्या पूर्ण दमट हवेत एवढ्या जागेत बाष्प असतं जेमतेम दीड मिलीग्रॅम. पुडीला ते काहीच नाही. पण पुडी रंग बदलायला लागली की समजायचं, कुठेतरी श्वास चालू झालाय, बादली काढा.

मित्राने परवा त्याचा विकतचा, पाण्यात चालणारा पिनपॉइंटर घेऊन माझ्याबरोबर ओढ्यात येऊन दाखवला. त्याचा वाजतो खणखणीत, माझा मुका. कमरेइतक्या पाण्यात तो पुढे गेला, मी मागे थांबले. गुडघ्यापलीकडे माझा न्यायचा नाही असं मी ठरवलंय, कारण तेवढ्याचीच परीक्षा मी घेतली आहे. परत येऊन त्याने आपला तापलेला पिनपॉइंटर खडकावरून उचलला आणि तसाच पाण्यात खुपसला. "तुझ्या झाकणाची रिंग कधी बघितली होतीस?" मी विचारलं. तो म्हणाला, "त्याला रिंग असते?"